परवलीचा शब्द आणि घरची किल्ली

‘परवलीचा शब्द’ हा प्रयोग मूळचा लष्करी छावणींतला. रात्रीं पहाऱ्यावरचा शिपाई येणाराला शब्द विचारी. तो बरोबर निघाला म्हणजे वाट मोकळी होई. पिढ्यान्‌पिढ्या फौजेंत माणसें पाठविणाऱ्या सातारा जिल्ह्याला हें सांगावयास नको. परंतु छावणीचा शब्द साऱ्या पलटणीला एकच असे. आजच्या गृहस्थाची गोष्ट नेमकी उलट आहे. बँक, ई-मेल, विजेचें बिल, रेल्वेचें तिकीट, अशा प्रत्येक दाराला त्याला निराळा शब्द हवा, आणि तो दुसऱ्या कोणास कळतां कामा नये.

येरळेच्या कांठीं वसलेल्या वडूजसारख्या गांवीं ही अडचण विशेष जाणवते. खटाव-माणच्या दुष्काळी मुलखांतून मुंबईस कामाला गेलेलीं आणि सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठीं देशभर पांगलेलीं कुटुंबें पुष्कळ. आईवडील वडूजला, एक मुलगा पुण्यास, दुसरा कोइमतूरला, असें एखादें घर डोळ्यांपुढें आणावें. वडिलांचे सारे शब्द एका वहींत. त्यांतलेहि निम्मे एकच, नातवाचें नांव आणि जन्मसाल. उद्यां एखाद्या दुकानाच्या संकेतस्थळावरून तो शब्द चोरीस गेला, तर चोर तोच शब्द ई-मेलच्या आणि बँकेच्या दाराला लावून पाहणार. आणि वडीलच अकस्मात् इस्पितळांत पडले, तर वही कोठें आहे हें मुलांना ठाऊक नाहीं.

पासवर्ड मॅनेजर ही या संकटावरची सोय. ही एक कुलूपबंद तिजोरी होय. गृहस्थानें एकच मुख्य शब्द पाठ ठेवावयाचा; बाकीचे लांबलचक, अर्थहीन शब्द तिजोरीच घडविते आणि जपते. तिचा आणखी एक गुण मोठा आहे. बँकेच्या नांवाचें खोटें पान समोर आलें, तर मनुष्य फसेल. पण तिजोरी पत्ता अक्षरशः ताडून पाहते, आणि तो जुळला नाहीं तर शब्द भरावयास पुढें येत नाहीं. तिचें तें मौन हाच इशारा समजावा.

निवड करतांना तीन प्रकार लक्षांत घ्यावेत. पहिला, फोनबरोबर किंवा ब्राउझरबरोबर येणारी गूगल अथवा ॲपलची तिजोरी. घरांतलीं सारीं उपकरणें एकाच कंपनीचीं असतील तर ती सर्वांत सोपी. दुसरा, बिटवॉर्डनसारखी स्वतंत्र तिजोरी. हिच्या विनामूल्य खात्यांतहि फोन व संगणक कितीहि जोडतां येतात. तिसरा, २००३ सालीं डॉमिनिक राइख्ल यांनीं काढलेली कीपास. हिच्यांत सारे शब्द एका फाइलींत आपल्याच घरीं राहतात.

मेळ घालण्याच्या रीतींतच यांचा खरा भेद आहे. बिटवॉर्डनमध्यें नोंदी उपकरणावरच गूढ लिपींत बदलतात आणि मगच कंपनीच्या यंत्राकडे जातात. तेथून त्या दुसऱ्या फोनवर उतरतात. कीपासची फाइल मात्र ज्याची त्यानें न्यावयाची. वडिलांनीं वडूजला एक नोंद बदलली आणि मुलानें पुण्यास दुसरी, तर एका घरांत दोन वह्या होतात. त्या जुळविण्याची सोय कीपासमध्यें आहे. पण ती आठवणीनें करणारा मनुष्य घरांत हवा. तो नसेल, तर आपोआप मेळ घालणारी तिजोरीच बरी.

दुसऱ्याच्या यंत्रावर ठेवलेली तिजोरी चोरीस जाणारच नाहीं, असें मात्र नव्हे. २०२२ सालीं लास्टपास या कंपनीकडून ग्राहकांच्या गूढ लिपींतल्या तिजोऱ्यांच्या नकला चोरांनीं नेल्या. ज्यांचा मुख्य शब्द लांब व अनपेक्षित, त्यांची तिजोरी फोडणें जवळजवळ अशक्य. ज्यांचा आखूड, त्यांना खरें भय. नेलेली नकल जुन्याच किल्लीनें उघडते. म्हणून मागाहून केवळ मुख्य शब्द बदलून भागत नाहीं, आंतले शब्दहि बदलावे लागतात.

तेव्हां मुख्य शब्द कसा असावा? आर्नोल्ड राइनहोल्ड यांनीं १९९५ सालीं फांशांची रीत सुचविली. पांच फांसे टाकावेत, आणि ७,७७६ शब्दांच्या यादींतून त्या अंकाचा शब्द घ्यावा. असे सहा शब्द जमले म्हणजे पुरे. ग्रामदैवत, नातवंडें, जन्मतारखा यांना त्यांत थारा देऊं नये.

शेवटची गोष्ट मुलांसाठीं. बिटवॉर्डनसारखी कंपनी मुख्य शब्द जाणत नाहीं. तो विसरला कीं तिजोरी बहुधा कायमची बंद. फोन हरवला आणि दुसरी खूण त्याच फोनवर येत असली, तरीहि तीच गत. यासाठीं मुख्य शब्द आणि फोनच्या अभावीं चालणारा पुनःप्राप्तीचा संकेतांक कागदावर लिहून, लखोटा मोहोरबंद करून घरच्या कपाटांत ठेवावा. त्याची जागा विश्वासाच्या एकाच माणसास सांगावी. बँकेंतल्या पैशासाठीं मात्र नामनिर्देशन हा कायदेशीर मार्ग. लखोटा त्याची जागा घेऊं शकत नाहीं. एटीएमचा पिनहि त्यांत लिहूं नये.

आणि दिवाळीला मुलें वडूजला आलीं म्हणजे, वडील धडधाकट असतांनाच, तो लखोटा एकदां उघडून दुसऱ्या फोनवर तिजोरी उघडते कीं नाहीं हें पाहून घ्यावें. किल्ली लागते कीं नाहीं हें संकटाच्या रात्रीं कळून उपयोगाचें नाहीं.