कादंबरीमागचा कायदा



तुमचं सगळं लक्ष पुढच्या नाचगाण्यांकडे आहे, म्हणून एकच सांगतो. कादंबरी वाचलीत की तिच्यामागचा कायदा शोधा.

अमेरिकेत १८५० साली कायदा झाला: पळालेल्या गुलामाला आसरा देणाऱ्याला हजार डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद. त्या संतापातून हॅरिएट बीचर स्टो यांनी ‘अंकल टॉम्स केबिन’ लिहिली. १८५२ मध्ये पुस्तक निघालं आणि वर्षभरात तिथे तीन लाख प्रती खपल्या. तरी गुलामी संपायला यादवी युद्ध व्हावं लागलं, १८६५ साल उजाडावं लागलं. पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली, ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांनाच अर्पण केली.

आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. माणूस जन्मला तोच गुन्हेगार! पुढे तो देशभर पसरला, रद्द झाला १९५२ मध्ये. अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘फकिरा’त, १९५९ च्या कादंबरीत, मांग-महारांना द्यावी लागणारी हजेरी आहे, दुष्काळ आहे आणि उपाशी माणसांसाठी लूट करणारा, सरकारच्या लेखी दरोडेखोर ठरलेला नायक आहे.

स्टोबाईंचा टॉम मार सोसत मरतो. त्यांनी गुलामी पाहिली ती बाहेरून. अण्णा भाऊ वाटेगावच्या मांगवाड्यातच जन्मले. त्यांचा फकिरा कुणाची दया मागत नाही. कायद्याचा वळ ज्याच्या पाठीवर उमटतो, तो लिहितो तेव्हा गोष्टच बदलते.

आता आपल्या कोहमाऱ्याकडे या. हमरस्त्यावरचं गाव, एका अंगाला नवेगावबांधचं जंगल, दुसऱ्या अंगाला नागझिऱ्याचं. जबरानजोत म्हणजे परवान्याविना जंगलजमीन कसणं, तेंदूपान, मोहफूल हे शब्द तुम्हाला पुस्तकातून शिकावे लागले नाहीत. अशा जमिनीवर हक्क सांगायचा तर २००६ च्या वनहक्क कायद्यात गैरआदिवासी कुटुंबाला तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. मात्र त्याच कायद्याच्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन पुरावा म्हणून धरलं जातं. म्हणजे तुमच्या आजी-आजोबांच्या आठवणींना सरकारी फाइलीतही जागा आहे.

तेव्हा या सुट्टीत वही घेऊन त्यांच्यापाशी बसा. जमीन कुणी फोडली, दंड कुणी भरला, पट्टा कुणाला मिळाला, कुणाला नाही, सगळं नावागावासह उतरवून घ्या. त्यातून दावा उभा राहील, कदाचित कादंबरीही. ती बाहेरच्या कुणी येऊन लिहिण्याआधी तुम्ही लिहा.