बिल्ला नंबर ७८६ कुणाचा?

(खारघर इथल्या एका चर्चा-बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बोलावताना मला सांगण्यात आलं होतं, "तू आयटीवाला, सिनेमे भरपूर बघतोस, रविवारची सकाळ आहे, हलकंफुलकं बोल." विषय दिला, खरे गुंड आणि त्यांच्यावरून रचलेली पडद्यावरची पात्रं. हलकं बोलायचा प्रयत्न करतो. पण तयारी करताना एक साधा तक्ता बनवला. एका रकान्यात खरा माणूस, दुसऱ्यात पात्र, तिसऱ्यात दोघांची नावं. तो तिसरा रकाना भरत गेलो तसा विषय हलका राहिला नाही.

सुरुवात 'दीवार'पासून. १९७५ साल, दिग्दर्शक यश चोप्रा, लेखक सलीम-जावेद. नायक विजय वर्मा गोदीत हमाली करतो, हप्ता द्यायला नकार देतो आणि पुढे मोठा स्मगलर होतो. हे पात्र हाजी मस्तानच्या आयुष्यावरून सुचलं असं तेव्हापासून सगळे मानतात. मस्तान तमिळ मुसलमान, रामनाथपुरम जिल्ह्यातला. लहानपणी वडिलांबरोबर मुंबईत आला, सायकल दुरुस्तीच्या दुकानात काम केलं, मग गोदीत हमाल झाला. तिथून सोनं, घड्याळं, ट्रान्झिस्टर यांच्या चोरट्या आयातीत. पांढरे कपडे, पांढरी मर्सिडीज. आणीबाणीत तुरुंगवास. बाहेर आल्यावर राजकारण, प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्यासोबत दलित-मुस्लिम सुरक्षा महासंघ. १९९४ मध्ये मृत्यू.

आता तिसरा रकाना. खरा माणूस मस्तान, पडद्यावर विजय. मग मुसलमानपण गेलं कुठे? ते एका पितळी बिल्ल्यात गेलं. गोदीतला बिल्ला, नंबर ७८६. त्याचा अर्थ विजयला रहीमचाचा समजावून सांगतो. देवळाची पायरी न चढणारा विजय तो बिल्ला जिवापाड जपतो, आणि शेवटी तो हातातून निसटतो तेव्हा थिएटरातल्या प्रत्येकाला कळतं की आता हा वाचत नाही. हिंदू, मुसलमान, सगळ्यांनाच कळतं. हे मला आजही विलक्षण वाटतं.

इथे कारस्थान शोधू नका. लिहिणारे सलीम आणि जावेद होते, आणि 'जंजीर', 'त्रिशूल', 'काला पत्थर' या सगळ्यांत अमिताभच्या पात्राचं नाव विजयच आहे. हिशोब बाजाराचा होता. नायकाचं नाव मस्तान ठेवलं तर तिकीट खिडकीवर काय होईल, याचा धोका कुणी घ्यायचा? मी या व्यवहाराला दोष देत नाही. पण व्यवहार झाला, हे नोंदवून ठेवायला हवं.

'जंजीर' १९७३ चा. त्यातला प्राणने केलेला शेरखान म्हणजे करीम लालाची सावली, असं म्हणतात. करीम लाला अफगाणिस्तानातून आलेला पठाण, दक्षिण मुंबईत व्याजबट्टा आणि जुगाराचे अड्डे चालवणारा. पूर्ण नाव अब्दुल करीम शेरखान. पडद्यावरचा शेरखान धंदा सोडतो आणि इन्स्पेक्टर विजयचा जिवलग दोस्त होतो. वरदराजन मुदलियारवरून मणिरत्नमने १९८७ मध्ये 'नायकन' केला, कमल हासनचा. पुढच्या वर्षी हिंदीत 'दयावान' आला. 'नायकन'मध्ये धारावीत आलेल्या पोरक्या मुलाला सांभाळतो तो हुसेनभाई.

म्हणजे रहीमचाचा, शेरखान, हुसेनभाई. प्रेमळ म्हातारा, दिलदार दोस्त, पोशिंदा. नायकाला दुवा द्यायची, जमलं तर त्याच्यासाठी मरायचं. ही पात्रं आवडायची आम्हाला. माझे वडील तर शेरखानचं गाणं लागलं की रेडिओचा आवाज वाढवायचे. पण ते दुवा देणं म्हणजे पाहुण्याच्या खुर्चीत बसवणं आहे, हे मला बऱ्याच उशिरा जाणवलं.

मग १९९३. आपण बसलो आहोत तो रायगड जिल्हा, म्हणून हे इथे बोलायलाच हवं. १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसं मेली. त्याआधी डिसेंबर-जानेवारीच्या दंगलीत श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसं मेली होती. स्फोटांसाठीचा माल आपल्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला उतरला. किनाऱ्यावर कस्टम होतं, पोलीस होते. पुढे टाडा न्यायालयाने ज्यांना दोषी ठरवलं त्यांत कस्टमचे अधिकारी आणि पोलीसही होते, आणि ती यादी काही एका धर्माची नव्हती. माल उतरवणारा दिसतो. पैसे घेऊन पाठ फिरवणारा सहसा पडद्यावर येत नाही. अनुराग कश्यपच्या 'ब्लॅक फ्रायडे'त ही सगळी साखळी बरीच प्रामाणिकपणे आली आहे. तो सिनेमा कोर्टात अडकला आणि २००७ मध्ये प्रदर्शित झाला.

स्फोटांनंतरच्या पडद्यावर माझा तिसरा रकाना उलटा भरू लागतो. गंमत बघा. १९९८ चा 'सत्या', त्यातला भिकू म्हात्रे. १९९९ चा 'वास्तव', त्यातला रघू. दोघंही गुंड, दोघांच्याही हातून खून झालेले, पण दोघांना घर आहे. भिकूला कजाग आणि प्रेमळ बायको आहे, रघूला आई आहे. आपण त्यांच्या स्वयंपाकघरात जातो, आणि म्हणून ते मरतात तेव्हा आपल्याला लागतं. चांगले सिनेमे आहेत दोन्ही. पण त्याच काळातल्या कितीतरी सिनेमांत मुसलमान गुंड म्हणजे दुबईहून आलेला फोन. डोळ्यांत सुरमा, गळ्यात ताईत, मागे अजानचा आवाज. त्याला आई नाही, बायको नाही, भाड्याची थकबाकी नाही. तो गुंड का झाला याचं उत्तर त्याच्या नावातच दिलेलं असतं.

याच्या शेजारी गिरणगाव ठेवून बघा. अरुण गवळीवर सिनेमे झाले, 'दगडी चाळ' आणि 'डॅडी'. कमलाकर जामसंडेकर या नगरसेवकाच्या खुनाबद्दल २०१२ मध्ये जन्मठेप झालेला माणूस. त्याचा सिनेमा निघतो, जामसंडेकरांच्या घराचा निघत नाही. हा अन्याय मुसलमानांवर नाही, तो सगळ्याच बळींवर आहे. पण गिरणगावाबद्दल मराठीने एक मोठं काम केलं आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि घराघरांतली पोरं कशी फुकट गेली हे जयंत पवारांनी 'अधांतर' नाटकात मांडलं. पुढे महेश मांजरेकरांनी त्यावर 'लालबाग परळ' केला. त्या घरातला नरू गुंड होतो, आणि तो का होतो हे प्रेक्षकाला कळतं. आपण त्याला माफ करत नाही, पण समजून घेतो.

डोंगरी, नागपाड्याचं 'अधांतर' कुठे आहे?

कारणं तर तिथेही होती. १९४९ चा दारूबंदी कायदा. त्याने मुंबईत हातभट्टीचा धंदा मोठा केला आणि वरदराजनसारख्यांना उभं केलं. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा. देशाला सोनं हवं, लग्नात हवंच हवं, आणि कायदेशीर सोनं मिळत नाही. म्हटल्यावर ते बोटीतून येणार, आणि बोट उतरवायला गोदीतला किंवा किनाऱ्यावरचा गरीब माणूस लागणार. ते सोनं विकत घेणाऱ्यांची कुठे जात-धर्म काढली कुणी? १९९० मध्ये तो कायदा रद्द झाला, १९९२ मध्ये परदेशस्थ भारतीयांना ५ किलोपर्यंत सोनं आणायची मुभा मिळाली, आणि मस्तानच्या पद्धतीचा धंदा ओसरला. गोळीने नाही, सरकारी कागदाने. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळे युजरला शिव्या घालत होते आणि बग कोडमध्ये होता.

हे सगळं मी ज्यासाठी सांगतोय तो प्रसंग छोटा आहे. आमच्या सोसायटीतला सहावीतला एक मुलगा लिफ्टमध्ये मला म्हणाला, "अंकल, तुम्ही डोंगरीचे का?" मी म्हटलं, "नाही रे बाळा, माणगावचा." तो म्हणाला, "पण तुमचं नाव तसं आहे ना." पोरगं गोड आहे, क्रिकेट खेळायला बोलावतं, त्याच्या मनात काही नव्हतं. म्हणूनच मला ते जास्त टोचलं. त्याने डोंगरी पाहिलेली नाही. पाहिला आहे तो सिनेमा.

आता उरलेली गोष्ट सांगतो. माझ्या मते सगळ्यात चांगली हीच आहे. मन्या सुर्वे. मनोहर अर्जुन सुर्वे, कीर्ती कॉलेजचा पदवीधर. ११ जानेवारी १९८२ ला, म्हणजे गिरणी संपाच्या बरोबर एक आठवडा आधी, वडाळ्याला आंबेडकर कॉलेजजवळ पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. मुंबईतली पहिली मोठी चकमक म्हणून ती ओळखली जाते. २०१३ मध्ये त्यावर 'शूटआउट अ‍ॅट वडाला' आला, जॉन अब्राहमने मन्या केला. गोळ्या झाडणारे दोन अधिकारी कोण होते? राजा तांबट आणि इसाक बागवान. बागवान हे आपल्या महाराष्ट्रातले मराठी बोलणारे मुसलमान. पुढे २६/११ ला नरिमन हाउसच्या कारवाईतही ते होते. सिनेमात अनिल कपूरने त्यांच्यावर बेतलेलं पात्र केलं, नाव बदलून आफाक बागरान. त्यात मुसलमानपण ठेवलं, हे मान्य करतो. तरी सिनेमा पाहून आलेल्या दहा जणांना विचारा. मन्या दहांना आठवेल, बागरान एखाद्याला.

चकमकींचं मला कौतुक नाही, तो वेगळा वाद आहे आणि तो इथेही व्हायला हवा. माझा मुद्दा एवढाच की पोलिसाचा गणवेश घातलेला मुसलमान हे काही कुणा लेखकाला सुचलेलं ऐक्याचं चित्र नाही. तो मुंबईत होता, पगार घेत होता. दाऊदचे वडील इब्राहिम कासकर मुंबई पोलिसांत हेड कॉन्स्टेबल होते. घर मूळचं खेड तालुक्यातलं, आमच्या कोकणातलं. एका हवालदाराच्या घरात असं कसं झालं? 'दीवार'मधल्या दोन भावांइतकीच ताकद आहे या गोष्टीत. २०१० च्या 'वन्स अपॉन अ टाइम इन मुंबई'त शोएबचे वडील पोलीस दाखवलेत, पण बापाची बाजू थोडक्यात उरकली आहे.

त्याच सिनेमात मस्तानला 'दीवार'नंतर ३५ वर्षांनी मुसलमान नाव मिळालं, सुलतान मिर्झा. शेवटी शोएब त्याला गोळी घालतो. प्रत्यक्षात मस्तानला कुणी गोळी घातली नव्हती. दत्तक मुलाने सिनेमाला हरकत घेतली, निर्मात्यांनी सुरुवातीला खुलासा टाकला. गंगुबाईच्या सिनेमाचंही असंच, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये याचिका फेटाळली गेली. मला या दाव्यांबद्दल फारशी सहानुभूती नाही. सिनेमा अडवून काही मिळत नाही. लोक मोबाइलवर बघतात आणि आपण हळवे ठरतो. कमतरता बंदीची नाही, दुसऱ्या गोष्टींची आहे.

म्हणून एक काम सुचवतो. गोदीत नोकरी केलेली, गलबतावर गेलेली, कस्टममध्ये शिपाई असलेली म्हातारी माणसं तळोजा, पनवेल, उरणला अजून आहेत. माणगाव, म्हसळा, श्रीवर्धनला तर आहेतच. मोबाइल समोर ठेवून त्यांना तास-दोन तास बोलू द्यायचं. गोदीत बिल्ला खरंच कसा असायचा, हप्ता कोण मागायचं, संध्याकाळी हातात किती पडायचे. रेकॉर्डिंग उतरवून घ्यायचं, नीट नाव-तारीख घालून साठवायचं काम मी करतो, ते मला येतं. पुढच्या महिन्यात इथेच 'दीवार' दाखवू या. येताना प्रत्येकाने अशी एक व्यक्ती, चाचा किंवा काका, सोबत आणावी. जिन्याचा त्रास असेल तर आधी सांगा, खालचा हॉल घेऊ.