खुर्चीतले काम आणि दुखरी कंबर

कंबरेचे किंवा पाठीचे दुखणे तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकले की वैद्यकशास्त्र त्याला जुनाट दुखणे म्हणते. बँकेच्या काउंटरमागे, कचेरीतल्या टेबलाशी, हिंजवडीतल्या संगणकासमोर किंवा घरी पलंगावरच लॅपटॉप मांडून काम करणाऱ्यांत हे दुखणे घेऊन रोज कामाला बसणारे पुष्कळ आहेत. ताप नाही, प्लास्टर नाही, जखम नाही. त्यामुळे शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही ते दिसत नाही. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा अंदाज आहे.

पाठीच्या कण्यात २४ सुटे मणके असतात. मानेत ७, छातीमागे १२ आणि कंबरेत ५. त्यांच्या खाली जुळून एक झालेले हाड आणि शेवटी माकडहाड. सुट्या मणक्यांच्या मध्ये गाद्या असतात. गादीच्या बाहेर चिवट धाग्यांचे कडे आणि आत मऊ गर, अशी तिची रचना. कंबरेच्या सगळ्यांत खालच्या दोन गाद्यांवर भार मोठा पडतो आणि गादी सरकल्याचे बहुतेक प्रकार तिथेच आढळतात.

या गादीविषयी एक गोष्ट नीट लक्षात राहिली तर पुढचे अर्धे काम सोपे होते. मोठ्या माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. स्नायूला रक्त मिळते, हाडाला मिळते, गादीला थेट मिळत नाही. तिचे पोषण वरच्या आणि खालच्या मणक्यातून झिरपत येते. भार पडला की तिच्यातले पाणी थोडे बाहेर जाते, भार उतरला की परत आत येते. स्पंज दाबावा आणि सोडावा तसे. याचा पुरावा कोणालाही घरी पाहता येतो. सकाळी उठल्यावर माणसाची उंची रात्री झोपतानाच्या उंचीपेक्षा साधारण एक ते दोन सेंटिमीटर जास्त भरते. रात्रभर आडवे असताना गाद्या पाणी पिऊन फुगतात, आणि उठल्यावर पहिल्या काही तासांतच यातली बरीचशी उंची उतरते. अंतराळवीर वजनरहित अवस्थेत राहतात तेव्हा त्यांची उंची काही सेंटिमीटर वाढते, तीही कण्यावरचा भार उतरल्यामुळेच.

यातून एक अगदी रोजच्या कामाची सूचना निघते. पहाटे गादी पाण्याने भरलेली असते आणि वाकल्यावर तिच्यावर ताण जास्त येतो. १९९८ साली अमेरिकेत स्टोव्हर स्नूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनाट कंबरदुखीच्या लोकांना उठल्यानंतर पहिले दोन तास पुढे वाकणे टाळायला सांगितले, आणि त्यांचे दुखणे कमी झाले. आपल्याकडे नळाला पाणी नेमके पहाटे येते. भरलेली बादली वाकून उचलणे, ओणवे होऊन लादी पुसणे, पायाच्या अंगठ्यांना हात लावायचे व्यायाम, सगळे त्याच वेळी. कंबर दुखणाऱ्या माणसाने ही कामे दोन तास पुढे ढकलावीत. बादली थांबत नसेल तर ती अर्धी भरावी, गुडघ्यात वाकून आणि अंगाजवळ धरून उचलावी.

आता खुर्ची. १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये आल्फ नाखेमसन यांनी जिवंत माणसांच्या गादीत सुई घालून आतला दाब मोजला. उभे राहण्यापेक्षा आधाराशिवाय बसल्यावर दाब जास्त भरला, आणि बसून पुढे वाकल्यावर आणखी वाढला. पुढे १९९० च्या दशकात जर्मनीत पुन्हा मोजमाप झाले, तेव्हा पाठ टेकून सैल बसलेल्या माणसाचा दाब उभ्या माणसापेक्षाही कमी आला. तेव्हा ‘ताठ बस’ हा शाळेपासून ऐकलेला हुकूम सोडून द्यायला हरकत नाही. दिवसभर ताठ बसणारा माणूसही एकाच स्थितीत अडकलेला असतो. गादीला रक्तवाहिन्या नाहीत, हे पुन्हा सांगायला हवे. तिचे पोषण दाब बदलण्यावर, म्हणजे हालचालीवर अवलंबून आहे. तीस हजारांची खुर्ची ही हालचाल करून देत नाही.

कचेऱ्यांमध्ये मात्र माणसाला हलू न देण्याची व्यवस्था चोख असते. चहा टेबलावर येतो, पाण्याची बाटली टेबलावर, फाइल शिपाई आणून देतो, शेजारच्या खोलीतल्या माणसाला निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर जातो. ही सवय बदलायला हवी, आणि ती वरच्या अधिकाऱ्यांनी आधी बदलायला हवी. पेला लहान ठेवावा, म्हणजे पाण्यासाठी उठावे लागते. फोन उभ्याने घ्यावा. अर्ध्या तासाने एकदा उठून चार पावले टाकावीत. आजूबाजूचे काय म्हणतील या संकोचाने दुखरी कंबर घेऊन तीन-तीन तास बसून राहणारी माणसे पाहिली की वाईट वाटते. खुर्चीपुरते एवढे पुरे: तळवे जमिनीला टेकावेत, कंबरेच्या खोबणीत गुंडाळलेला पंचा ठेवावा, पडदा डोळ्यांच्या पातळीला यावा, लॅपटॉप असेल तर खाली पुस्तके घालून वेगळा कीबोर्ड जोडावा, आणि मागच्या खिशातले जाड पाकीट काढून ठेवावे.

कंबरेचे दुखणे पायात उतरते तेव्हा प्रश्न नसेचा असतो. कंबरेतून आणि त्याखालच्या हाडातून निघालेल्या मज्जातंतूंच्या मुळ्या एकत्र येऊन शरीरातली सगळ्यांत जाड नस तयार होते. कुल्ल्यातून मांडीच्या मागे आणि तिच्या शाखांतून पावलापर्यंत ती जाते. गादीतला गर बाहेर येऊन मुळीवर दाब आला की पायात उतरणारे हे दुखणे, म्हणजे सायटिका, होते, हे १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या शल्यवैद्यांनी दाखवून दिले. मात्र नुसता दाब हे सगळे कारण नाही. गरातल्या रसायनांनीही नस सुजते आणि चिडते. म्हणून मुंग्या, जळजळ, बधिरपणा, खोकल्याबरोबर पायात विजेसारखी जाणारी कळ. यात दिलासा असा, की बाहेर आलेला गर अनेकांच्या बाबतीत शरीरातल्या पेशीच हळूहळू खाऊन टाकतात. सायटिकाचे बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत शस्त्रक्रियेशिवाय सुधारतात.

काहींचे दुखणे तरी उरते. वेदनेचे निरोप फार काळ येत राहिले की मज्जारज्जू आणि मेंदू स्वतःच जास्त संवेदनशील होतात, हे गेल्या चार दशकांच्या संशोधनातून स्पष्ट झाले आहे. मग थोड्याशा बसण्यानेही मोठी कळ येते, जागरणाने आणि काळजीने ती वाढते. हे ढोंग नाही, मनाचा खेळ नाही. कळ खरी असते, फक्त तिचे मोजमाप गादीच्या फोटोत सापडत नाही. ‘मणक्यात गॅप’, ‘नस दबली’ असे शब्द रिपोर्टमधून कानावर पडतात आणि माणूस हातपाय गाळतो, वाकायला भितो. १९९४ साली अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांचा एमआरआय काढला, तर त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांची निदान एक गादी फुगलेली दिसली. रिपोर्ट नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवून सल्ले गोळा करण्यापेक्षा, तपासणाऱ्या डॉक्टरांना दुखणे सविस्तर सांगावे.

अंथरुणावर पडून राहण्याचा उपाय आता मागे पडला आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांपैकी नव्याने कंबर धरलेल्यांचे तीन गट केले होते. पडून राहिलेल्यांपेक्षा झेपेल तसे रोजचे व्यवहार चालू ठेवणारे लवकर बरे झाले. चालण्याविषयी २०२४ साली ऑस्ट्रेलियातून ७०१ लोकांवरची चाचणी आली. ती कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्यांची होती. हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्याचे ध्येय ज्यांना दिले, त्यांचे दुखणे साधारण २०८ दिवसांनी उलटले. इतरांचे ११२ दिवसांनी. जुनाट दुखण्यात आणखी एक पथ्य असते. बऱ्या दिवशी साठलेले सगळे काम उपसायचे आणि मग चार दिवस पडून राहायचे, हा क्रम तोडावा. बरा दिवस असो की वाईट, काम आणि चालणे ठरलेल्या मापातच ठेवावे.

औषधांविषयी थोडक्यात. नसेच्या दुखण्यावर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. त्याची औषधे निराळी आहेत, ती गुंगी आणतात आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची व थांबवायची असतात. दुकानातून आणलेल्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंड बिघडू शकतात. कंबरपट्टा प्रवासापुरता ठीक, कायमचा नको. शस्त्रक्रियेने पायातली कळ लवकर थांबू शकते, नुसत्या कंबरदुखीत मात्र तिचा उपयोग मर्यादित आहे.

काही लक्षणे दिसली तर मात्र थांबू नये. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा सुटणे, मांड्यांच्या आतला आणि बैठकीचा भाग बधिर होणे, पाऊल उचलता न येणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. संध्याकाळचा ताप, घटणारे वजन आणि रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी एकत्र असतील तर मणक्याच्या क्षयाची तपासणी करून घ्यावी. आपल्या देशात तो आजही आढळतो आणि औषधांनी बरा होतो.