ओसरीवरची शाळा व आपले कर्तव्य

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



आज आपल्या गुणवंत मुलामुलींचा सत्कार झाला. त्यांच्या मातापित्यांच्या मुद्रेवरील समाधान पाहून आम्हांसही धन्यता वाटली. आम्ही स्वतः जुन्या अकरावीचे मॅट्रिक. प्राथमिक शिक्षकाच्या सेवेत आयुष्य खर्ची घातले व आता नातवंडांत रमलो आहो. विद्वत्तेचा आव आम्हांस आणता यावयाचा नाही. तथापि कार्यकारी मंडळाने दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा ज्या मुलांची नावे आजच्या यादीत नाहीत, त्यांच्याविषयी बोलावे, असे आमच्या मनाने घेतले.

आपणांस कोरोनाच्या साथीचे ते दिवस आठवत असतील. मार्च २०२० च्या मध्यास शाळा बंद झाल्या. महिना संपण्यापूर्वीच आपल्या बुलढाणा शहरात या रोगाचा पहिला बळी गेला आणि सारा जिल्हा भयभीत झाला. दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्या वर्षी तो दिवस आला आणि गेला, परंतु घंटा वाजली नाही.

साथीने शाळा ओस पडण्याचा हा पहिलाच प्रसंग होता, असे नव्हे. १८९६ पासून महाराष्ट्रात प्लेगने थैमान घातले, तेव्हा लोक गाव सोडून शिवारात झोपड्या घालून राहत. त्याच साथीत पुण्यास रुग्णांची सेवा करीत असता सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. पुढे १९१८ साली मानमोडीचा ताप आला. त्या काळी शाळा बंद म्हणजे शिकणेही बंद, असाच प्रकार असे. या खेपेस मात्र ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ अशी घोषणा झाली आणि विद्या मुलांच्या घरी नेण्याचा प्रयत्न झाला. हे या काळाचे वैशिष्ट्य मानले पाहिजे.

प्रयत्न थोडाथोडका नव्हता. पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने मोबाइलवरून दररोजचा अभ्यास धाडण्यास आरंभ केला. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पाठमाला सुरू झाली. शाळेतील मध्यान्ह भोजनाऐवजी तांदूळ व डाळी पालकांच्या हाती देण्यात आल्या. पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांत ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकविले गेले. सोलापूरच्या नीलमनगरात घरांच्या भिंतींवर पाठ रंगविले, म्हणजे रस्त्याने जाताजाता मुलांनी वाचावे. कित्येक शिक्षक तोंडास फडके बांधून वस्तीवस्तीवर फिरले. त्या सर्वांस आमचा नमस्कार असो.

परंतु बंधुहो, विद्या घरी पोचविणे निराळे आणि घराने तिला आत घेणे निराळे. शाळेत साऱ्या मुलांना एकच फळा असतो, एकच घंटा असते. घरे मात्र सारखी नसतात. ज्या घरी मोबाइल होता, रिकामा कोपरा होता आणि शेजारी बसून ‘पुन्हा वाच’ म्हणणारे वडीलधारे माणूस होते, तेथे शिक्षण चालले. ज्या घरी एकच मोबाइल आणि तोही सकाळी बापाबरोबर शेतात जाई, तेथे धडा कोणी वाचावा? सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील वस्त्यांत तर मोबाइल असून उपयोग नाही. तेथे लहरी पोचतील तेव्हा खरे. आणि मुलींची कथा काय सांगावी? मुलगी घरी आहे, एवढे कळताच चूल, पाणी व धाकटी भावंडे तिच्या वाट्यास आली.

आता एक गोष्ट सांगणे आम्हांस प्राप्त आहे. ती आमच्याच घरची आहे. त्या पावसाळ्यात आम्ही आमच्या नातीस रोज सकाळी ओसरीवर शिकवीत असू. ती तेव्हा पहिलीत होती. आमच्या शेतावरील सालदाराचा मुलगा तिच्याच यत्तेतला. तो कुंपणापलीकडे उभा राहून ऐके आणि काडीने मातीत अक्षरे काढी. आम्ही त्यास हटकीत नव्हतो, परंतु आत येऊन बस, असेही म्हणत नव्हतो. साथीचे दिवस आहेत, असे आम्ही मनास समजावीत असू. वास्तविक अंगणात निंबाचे झाड आहे; त्याखाली सहा हात अंतरावर त्याला पाट टाकून देता आला असता. तो आपल्या ज्ञातीचा नव्हता. असता, तर आम्ही त्यास आत बोलाविले असते काय, हा प्रश्न आम्ही पुष्कळदा स्वतःस विचारला आहे आणि त्याचे उत्तर आम्हांस सुखावह नाही. दिवाळीनंतर तो मुलगा कुंपणाशी येईनासा झाला. बापाबरोबर कापूस वेचावयास जाऊ लागला.

पहिली ते चौथीचे वर्ग बहुतेक ठिकाणी १ डिसेंबर २०२१ रोजी उघडले. म्हणजे हातात पाटी धरावयाचे वीस महिने गेले. दोन्ही वर्षे मुलांना परीक्षेवाचून वरच्या वर्गात घातले गेले. त्या परिस्थितीत दुसरा उपाय नव्हता, हे आम्ही जाणतो. १ डिसेंबरनंतर आम्ही त्या मुलाची भेट घेतली. तो दुसरीत होता. त्यास काना आणि वेलांटी यांतील भेद सांगता येत नव्हता. आमची नात मात्र गोष्टींची पुस्तके वाचीत होती. दोघांच्या बुद्धीत अंतर नव्हते. अंतर होते ते एका कुंपणाचे, आणि ते आमच्या घरचे होते.

हे केवळ एका मुलाचे रडगाणे नव्हे. ‘असर’ नावाची ग्रामीण शिक्षणाची देशव्यापी पाहणी होते. तीत दुसरीचा उतारा वाचू शकणारी तिसरीतील मुले २०१८ साली शेकडा २७.३ होती; २०२२ साली ती २०.५ वर आली. उलट, त्याच साथीत २०२१ चा दहावीचा निकाल आपल्या राज्यात ९९.९५ टक्के लागला. निकालाच्या आकड्यावरून शिक्षणाची प्रकृती ओळखू नये, हा बोध या दोन आकड्यांतून घ्यावयाचा.

त्या मुलास आम्ही रोज सायंकाळी तासभर निंबाखाली बसविले. प्रथम तो लाजे. नंतर दोन मित्रांस घेऊन येऊ लागला. सहा महिन्यांत जोडाक्षरे वाचू लागला. आज तो शाळेत आहे. यात आमचा मोठेपणा नाही. उशिरा फेडलेले ते ऋण आहे.

म्हणून संस्थेपुढे आमच्या तीन सूचना आहेत. एक, आपले सभागृह लग्नसराई सोडून एरवी रिकामे असते. तेथे रोज सायंकाळी वाचनाचा एक तास चालावा आणि त्याचे दार कोणत्याही ज्ञातीच्या मुलास उघडे असावे. दोन, आपल्यातील सेवानिवृत्त शिक्षक-शिक्षिकांनी पाळीपाळीने तो तास घ्यावा. आमचे नाव यादीत प्रथम लिहावे. तीन, पुढील वर्षापासून एक पारितोषिक, ज्याची शाळा सुटली होती आणि जो पुन्हा शाळेत आला, अशा मुलास किंवा मुलीस द्यावे. गुणांच्या टक्क्यांइतकाच तोही पराक्रम आहे.

साथ पुन्हा येणार नाही, असे कोणी सांगावे? शाळांस पुन्हा टाळे लागले, तर कोणत्या मुलाने कोणाच्या ओसरीवर बसावयाचे, हे आपण आजच ठरवून ठेवू या. ओसरी प्रत्येकाच्या घरी आहे. तीवर आणखी एका मुलापुरती जागा करावयाची आहे.