रक्तदाबाची गोळी आणि आपण

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनासारख्या आनंदाच्या दिवशी दुखण्याखुपण्याचा विषय कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. परंतु हळदीकुंकू असो, भिशी असो की भजनाचा वार असो, चार बायका जमल्या की बोलणे फिरून फिरून प्रकृतीवर येते. आणि प्रकृतीवर आले की 'मलाही बीपीची गोळी चालू आहे' हे वाक्य हटकून कानी पडते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के स्त्रियांचा रक्तदाब वाढलेला तरी होता, किंवा त्या त्यासाठी औषध तरी घेत होत्या. म्हणजे पाच जणींत एक. वय वाढते तसे हे प्रमाणही वाढते, तेव्हा आपल्या या सभेत ते याहून थोडे जास्तच असेल.

पण भगिनींनो, गोळी 'चालू असणे' आणि गोळी नीट घेणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आज मला त्या दुसऱ्या गोष्टीविषयी बोलायचे आहे. कोणी कोणते औषध घ्यावे हे मी सांगणार नाही. ते काम ज्यांनी आपल्याला तपासले त्या डॉक्टरांचे. त्यांनी दिलेली गोळी घरी आल्यावर तिचे काय होते, ते मात्र आपल्याच हाती असते.

प्रथम हा विकार कसा आहे ते थोडक्यात पाहू. हृदय आकुंचन पावून रक्त पुढे ढकलते, त्या वेळी रोहिणीत जो दाब असतो तो वरचा आकडा. हृदय सैल पडते तेव्हा जो उरतो तो खालचा. दवाखान्यात पुन्हा पुन्हा मोजूनही १४०/९० किंवा त्याहून अधिक येऊ लागला की तो वाढलेला समजतात. हा दाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही, भूक घालवीत नाही की झोप मोडीत नाही. डोके दुखले तरच रक्तदाब वाढला, ही समजूत चुकीची आहे. कसलाही त्रास न देता तो वर्षानुवर्षे मेंदूच्या, हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या आणि डोळ्यांच्या रक्तवाहिन्या खराब करीत असतो. मग एखाद्या सकाळी बोलता बोलता तोंड वाकडे होते, हातातली कपबशी गळून पडते, आणि घरचे म्हणतात, 'काल तर चांगल्या होत्या!'

यावर औषध आहे, हे आपले भाग्य समजले पाहिजे. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन वारले. त्यांचा रक्तदाब फार वाढलेला आहे हे त्यांच्या डॉक्टरांना ठाऊक होते. पण तो उतरवील असे खात्रीचे आणि सोसवेल असे औषध तेव्हा कोणाजवळ नव्हते. पुढे १९४९ साली आपल्या मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडला. १९६७ साली अमेरिकेतील डॉ. एडवर्ड फ्रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४३ रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. हे सर्व पुरुष होते आणि त्यांचा खालचा आकडा ११५ ते १२९ होता. निम्म्यांना खरी औषधे दिली, निम्म्यांना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या. बिनऔषधाच्या गटात २७ जणांवर गंभीर संकट ओढवले; औषध घेणाऱ्यांत फक्त दोघांवर. गोळीचे मोल काय, ते या दोन आकड्यांत आले.

(सर्पगंधेचे नाव निघाले म्हणून कोणी तिची मुळे आणून उकळू लागू नये. तिच्यातील द्रव्याने मनाला खिन्नता येऊ शकते, आणि तिच्याहून चांगली औषधे निघाल्यामुळे आज ती क्वचितच देतात.)

आता मुख्य गोष्टीकडे वळते. सर्वांत मोठी चूक एकच: आकडा चांगला आला की गोळी बंद करणे. दूध उतू गेले नाही ते आच मंद ठेवल्यामुळे, हे आपल्याला स्वयंपाकघरात बरोबर कळते. दूध गेले नाही म्हणून कोणी आच मोठी करीत नाही. रक्तदाब १२०/८० आला तो गोळीमुळे आला. गोळी सोडली की काही दिवसांत तो पुन्हा चढतो, आणि चढतानाही सांगून चढत नाही. अटेनोलोल, मेटोप्रोलोल, क्लोनिडिन यांसारखी औषधे तर एकाएकी तोडणे धोक्याचे असते. रक्तदाब उसळी घेतो, हृदयाचे दुखणे असेल तर तेही बळावते. वजन उतरले, मीठ कमी झाले, रोजचे चालणे वाढले, तर डॉक्टर गोळी कमी करतीलही. पण ती त्यांनी कमी करावी, आपण नव्हे.

दुसरी गोष्ट वेळेची. सकाळची बरी की रात्रीची, असे पुष्कळ जणी विचारतात. २०२२ साली ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक लोकांवरील पाहणी प्रसिद्ध झाली; तीत सकाळी घेणारे आणि संध्याकाळी घेणारे यांच्यात काही फरक पडला नाही. तेव्हा जी वेळ न चुकता आठवते ती आपली वेळ. मात्र हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन अशी लघवी वाढविणारी गोळी सकाळीच घ्यावी, म्हणजे रात्री उठावे लागत नाही. एखादे दिवशी विसरलात, तर आठवेल तेव्हा घ्या. पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर ती चुकलेली सोडून द्या. कालची आणि आजची मिळून दोन एकदम कधीही घेऊ नका.

उपवासाचेही येथेच सांगते. एकादशी, चतुर्थी, नवरात्र यांत गोळी चुकवू नये. हरतालिकेला पाणीसुद्धा न घेणाऱ्या भगिनी आपल्यात आहेत. त्यांनी आधीच डॉक्टरांना विचारावे. दिवसभर पाणी नाही आणि वर लघवी वाढविणारे औषध, ही जोडी चांगली नव्हे. माझे मत विचाराल तर गोळीपुरते आणि तहानेपुरते पाणी घेतल्याने व्रत मोडत नाही. आणि उपवासाला चालते म्हणून सैंधवावर हात सैल सोडू नये. तेही मीठच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे, म्हणजे सपाट चहाचा चमचाभरही नाही. त्यात लोणचे, पापड, चटणी, फरसाण सारे धरायचे.

तिसरी गोष्ट, आपली गोळी ओळखा. 'पांढरी, बारीक' ही ओळख पुरेशी नाही. पाकिटावर कंपनीचे नाव ठळक असते, आणि खाली बारीक अक्षरांत औषधाचे खरे नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा असतो. तेच खरे नाव वहीत उतरून ठेवावे. ठळक नावापुढे 'एच', 'एएम' अशी अक्षरे असतील तर एका गोळीत दोन औषधे आहेत असे समजावे. ती अक्षरे गळाली की औषधच बदलते. कधी असेही होते की गावाकडच्या डॉक्टरांनी एका नावाने दिलेले आणि शहरातल्यांनी दुसऱ्या नावाने दिलेले औषध एकच असते, आणि बाई दोन्ही घेत राहते. म्हणून कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना सगळी पाकिटे पिशवीत घालून न्या. आणि शेजारणीला लागू पडली म्हणून तिची गोळी घेऊ नका. दम्याच्या बाईला अटेनोलोल अपाय करू शकते. तुमचा दमा शेजारणीच्या डॉक्टरांना कसा ठाऊक असणार?

चौथी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: गोळीच्या जोडीला आपण पोटात काय घालतो. गुडघे दुखले की औषधाच्या दुकानातून दुखण्याची गोळी आणायची, ही आपली नेहमीची रीत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या रक्तदाब वाढवितात, रक्तदाबाच्या औषधाचा गुण कमी करतात, आणि टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिलसारखे औषध व लघवीची गोळी चालू असेल तर मूत्रपिंडावर घाला घालू शकतात. सर्दीच्या कित्येक गोळ्यांत नाक मोकळे करणारे फिनाइलएफ्रिन असते. तेही दाब वाढविते. पोटातल्या वायूवर घेतो तो फसफसणारा सोडा म्हणजे सोडियमच. खोकल्यावर आपण ज्येष्ठमध चघळतो किंवा त्याचा काढा घेतो. एखादे वेळी ठीक, पण रोज भरपूर घेतल्यास रक्तदाब चढतो आणि शरीरातले पोटॅशियम उतरते. 'लो सोडियम' मिठाची गोष्ट नेमकी उलटी. त्यात पोटॅशियम घातलेले असते. पुष्कळांना ते हितकर आहे. पण मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रामिप्रिल यांपैकी काही चालू असेल, तर विचारल्याशिवाय वापरू नये, कारण या औषधांनी पोटॅशियम आधीच साठू शकते. वेळोवेळी रक्त तपासायला सांगतात ते यासाठीच. थोडक्यात, औषधवाल्याकडे काहीही मागताना पहिले वाक्य 'मला रक्तदाबाची गोळी चालू आहे' हे असावे.

औषधाने काही त्रास होतो का? काहींना होतो, आणि तो लपवू नये. अम्लोडिपिनने घोट्यांवर सूज येऊ शकते. एनालाप्रिल, रामिप्रिलने कोरडा खोकला लागतो. तो महिनोन्‌महिने खोकल्याच्या औषधाने जात नाही, कारण कारण निराळेच असते. सुरुवातीला उठताना भोवळ आल्यासारखे होते; तेव्हा अंथरुणावरून उठताना आधी क्षणभर बसावे, मग उभे राहावे. यांतील कशानेही गोळी आपणहून टाकून देऊ नये. डॉक्टरांना सांगावे, दुसरी मिळते. मात्र ओठ, जीभ किंवा चेहरा एकाएकी सुजला तर ती गोळी पुन्हा न घेता तडक रुग्णालय गाठावे. जुलाब-उलट्या होऊन अंगातले पाणी गेले असेल, तर त्या दिवशीची गोळी घ्यावी की थांबवावी हे त्याच दिवशी विचारून घ्यावे. आणि घरातल्या तरुण सुनालेकींना सांगा: टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रामिप्रिल ही औषधे गरोदरपणी बाळाला घातक आहेत. मूल हवे असेल तर आधीच डॉक्टरांना सांगून औषध बदलून घ्यावे. गरोदरपणी चालणारी निराळी औषधे आहेत.

आता घरोघर आलेल्या यंत्राविषयी. जिना चढून आल्या आल्या, किंवा सुनेशी वाद घालता घालता मोजलेला आकडा खरा धरू नये. पाच मिनिटे स्वस्थ बसावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर. अर्धा तास आधी चहा नको, मोजताना बोलणे नको. मिनिटभराने पुन्हा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. एखादे वेळी आकडा मोठा आला म्हणून घाबरून जास्तीची गोळी घेऊ नये, आणि कोणाच्या सांगण्यावरून निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली तर मुळीच धरू नये. दाब एकाएकी कोसळून त्याने पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका आल्याची उदाहरणे आहेत. बसावे, पुन्हा मोजावे, डॉक्टरांना कळवावे. पण छातीत दुखणे, धाप, एका बाजूची शक्ती जाणे, बोलणे अडखळणे, दिसेनासे होणे यांपैकी काही असेल, तर यंत्राकडे पाहत बसू नका. १०८ ला फोन करून रुग्णालयात जा.

भगिनींनो, शेवटी एक गोष्ट मनापासून सांगते. आपल्या घरात यजमानांची गोळी कोण देते? आपण. सासूबाईंची? आपणच. पाण्याचा पेला हातात, घड्याळाच्या ठोक्याला. आणि स्वतःची? ती सगळ्यांची जेवणे झाली, ओटा आवरला, की आठवली तर. महिनाअखेरीस पैशांची ओढाताण झाली की आधी आपलीच गोळी एक दिवसाआड होते, आणि ते घरात कोणाला कळतही नाही. ही काटकसर नव्हे. गोळीचे पैसे वाचवून पक्षाघाताचा खर्च घरावर आणणे याला काटकसर कसे म्हणावे? सरकारी आरोग्य केंद्रांत रक्तदाब मोजून मिळतो आणि औषधही मिळते. जनऔषधी केंद्रात तीच औषधे पुष्कळ कमी किमतीत मिळतात. डॉक्टरांना तसे सांगून औषधाचे खरे नाव लिहून घ्यावे. मागण्यात संकोच कसला?

मंडळालाही माझी एक सूचना आहे. महिन्याच्या सभेला अर्धा तास आधी यावे, एक यंत्र ठेवावे, आणि प्रत्येकीने आपला आकडा व औषधाचे नाव वहीत लिहावे. ज्या भगिनीची वही दोन महिने कोरी दिसेल, तिच्या घरी कोणीतरी सहज जाऊन यावे. एरवी आपण एकमेकींकडे जातोच. तेवढेच त्या निमित्ताने एक जास्त विचारणे होईल.