उमरावाची पागा आणि खाणकामगार



युनियनचा माणूस उमरावाच्या वाड्यावर बोलणार, हे पत्रिकेत वाचून काहींना नवल वाटले असेल. माझे शिक्षण गिरणीच्या गेटावर आणि नगरवाचनालयात झाले. तेव्हा स्थापत्यात कुठे चुकलो, तर इंजिनियर मंडळींनी सांभाळून घ्यावे.

इंग्लंडात यॉर्कशायर परगण्यात, रॉदरहॅमजवळ, वेंटवर्थ वुडहाउस नावाचा वाडा आहे. खरे तर पाठीला पाठ लावून उभे असलेले दोन वाडे. पश्चिमेचा जुना, विटांचा. पूर्वेचा दगडी; त्याचे काम १७३४ च्या सुमारास हेन्री फ्लिटक्रॉफ्टच्या हाती आले. त्याची दर्शनी बाजू ६०६ फूट लांब! मध्यभागी उंच खांब, त्यांवर त्रिकोणी माथा, आणि दोन्ही हातांना लांबच लांब पाखे.

पण मला ओढ आहे ती पागेची. धनी लॉर्ड रॉकिंगहॅम दोनदा पंतप्रधान झाला, तरी जीव घोड्यांवर. १७६६ च्या सुमारास त्याने जॉन कारकडून पागा बांधायला घेतली. मध्ये मोठा चौक, चहूंकडे घडीव दगडाच्या इमारती, ८४ घोड्यांची सोय. अनोळखी माणूस तिलाच वाडा समजेल! हा कार कोण? पाथरवटाचा मुलगा. बापाच्या खाणीत हत्यार धरून शिकला, आणि पुढे यॉर्क शहराचा दोनदा लॉर्ड मेयर झाला. घोड्याला असा निवारा आणि खाणकामगाराला अंधारी खोली, हा हिशेब मला आजही पटत नाही. पण त्या दगडावर हात चालला तो आपल्याच माणसांचा, हेही विसरता येत नाही.

आता १९४६ सालाकडे या. वाड्याभोवतालच्या बागेखाली कोळसा होता आणि देशाला कोळशाची निकड होती. मजूर सरकारचे इंधनमंत्री शिनवेल यांनी बाग उकरण्याचा हुकूम काढला. खणती पश्चिमेच्या वाड्याच्या दारापर्यंत आली. आणि विरोधाला कोण उभे राहिले? यॉर्कशायरच्या खाणकामगार युनियनचे अध्यक्ष जो हॉल! मंत्री आपले, सरकार आपले, तरी ह्या गड्याने बाग वाचवावी म्हणून पंतप्रधान ॲटलींना लिहिले. उपयोग झाला नाही. झाडे गेली, मातीचे ढिगारे उठले.

मी त्या सभेत असतो तर हात कुणाच्या बाजूने वर केला असता? तरुणपणी शिनवेलच्या, उमरावाची बाग गेली तर गेली, म्हटले असते. आज हॉलच्या. त्या बागेत गावकरीही फिरायला येत, आणि ती उकरताना त्यांना कुणी विचारले नव्हते.

पुढे १९७९ पर्यंत वाड्यात मुलींचे व्यायामशिक्षणाचे कॉलेज होते. २०१७ साली एका ट्रस्टने तो विकत घेतला, आणि पहिले काम काढले ते गळक्या छपराचे.