फिरत्या घराची उंची
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्धापनदिनाला माझी जागा मागच्या पडवीत, चहाच्या पातेल्यापाशी असते. यंदा चिटणीसबाईंनी मला तेथून उठवून येथे आणून उभे केले. “तुम्ही अमेरिकेला जाऊन आलात, पंधरा मिनिटे बोला,” असा त्यांचा हुकूम. मी सातवी शिकलेली बाई. मोठमोठ्या इमारतींचे वर्णन मला जमणार नाही, आणि ते तुम्ही चित्रांत पाहिलेलेच आहे. तेव्हा मी एका पाटीची गोष्ट सांगणार आहे.

माझे धाकटे दीर न्यू जर्सीत एडिसन गावी राहतात. २०२३ च्या जून महिन्यात आम्ही उभयता आणि सासूबाई त्यांच्याकडे गेलो. सासूबाईंना गुडघ्यांमुळे तासन् तास मोटारीत बसवत नाही. म्हणून भाऊजींनी एक फिरते घर भाड्याने घेतले. तिकडे त्याला मोटरहोम म्हणतात. पुढे चालकाची जागा, मागे ओटा, गॅसची शेगडी, शीतकपाट, मोरी, निजण्याची जागा. चालकाच्या डोक्यावर पुढे आलेला एक माळा असतो, त्यावर मुले निजतात. सासूबाई पाहताच म्हणाल्या, “अगं, ही तर बिऱ्हाडासकट बैलगाडी!” साधारण गाड्यांसाठी तिकडचा नेहमीचा परवाना चालतो, त्यामुळे कचेरीत बसणारा मनुष्यही एका सकाळी पंचवीस फुटी घराचा चालक होऊन बसतो. गंमत वाटते, आणि धोकाही तेथेच आहे.

आपली नेहमीची मोटार पाच-साडेपाच फूट उंच. हे घर, छपरावरची थंड हवेची पेटी धरून, साडेअकरा फूट. मनुष्याचे हात आणि डोळे मात्र जुन्या मोटारीचेच असतात. वळणावर मागचा भाग किती बाहेर फेकला जातो, हे दोन दिवसांत कळते. पण डोक्यावर काय आहे ते बसल्या जागेवरून दिसतच नाही.

आता थोडे माझ्या माहेराचे सांगते. माझे वडील कोल्हापूरहून मुंबईला गुळाची मालमोटार नेत. सुटीत मी कधी कधी पुण्यापर्यंत त्यांच्याबरोबर जाई. माल भरला, ताडपत्री आवळली, की आबा एक बांबू उभा धरून भरलेल्या मालाची उंची मोजायचे आणि खडूने तो आकडा समोरच्या फळीवर लिहायचे. रेल्वेच्या फाटकापाशी रुळांवरच्या विजेच्या तारांसाठी लोखंडी कमान असते, ती तुम्ही पाहिली असेल. तिची उंची ४.६७ मीटर, म्हणजे पंधरा फुटांहून थोडी जास्त. कमान दिसली की आबा आधी फळीवरचा आकडा बघत, मग कमानीची पाटी बघत, आणि मगच गाडी पुढे घालत. मी विचारले, “रोजचाच रस्ता ना, आबा?” ते म्हणाले, “रस्ता रोजचा आहे, माल रोजचा नाही.”

आम्ही निघालो होतो बॉस्टनच्या बाजूला. एडिसनहून २८७ क्रमांकाचा महामार्ग धरला, की तो न्यू जर्सीच्या उत्तर भागातून वळसा घालून, हडसन नदीवरच्या नव्या लांबलचक पुलावरून पलीकडे जातो आणि शेवटी ९५ क्रमांकाच्या महामार्गाला मिळतो. सरळ काम होते. पण न्यूयॉर्क शहरातील बोगदे का टाळले, हे आधी सांगते. अशा घरात स्वयंपाकाच्या गॅसची टाकी असते, आणि नदीखालच्या हॉलंड व लिंकन या दोन्ही बोगद्यांत गॅस घेऊन जाण्यास बंदी आहे. बोगद्यात भडका उडाला तर माणसे पळणार कोठे? आपण रात्री सिलिंडरचा खटका बंद करून निजतो, त्यातलाच हा शहाणपणा. भाऊजींनी ही माहिती आधीच काढून ठेवली होती. मनुष्य निष्काळजी नव्हे, हे मला मुद्दाम सांगायचे आहे.

पूल ओलांडून तासभर झाला असेल-नसेल, जाऊबाईंच्या हातातल्या फोनवरच्या नकाशाने सांगितले की, उजवीकडे उतरा, हचिन्सन रिव्हर पार्कवे घ्या, वेळ वाचेल. तो नकाशा मोटारीसाठी केलेला. आम्ही घर घेऊन निघालो आहोत, हे त्याला कोणी सांगितले होते? भाऊजींनी गाडी उतारावर घेतली. मी मागे जेवणाच्या मेजापाशी पट्टा बांधून बसले होते. समोरच्या मोठ्या काचेतून मला एक पाटी दिसली. इंग्रजी मी अक्षर जुळवून वाचते. जुळवले, तो निघाले, ‘पॅसेंजर कार्स ओन्ली’. आणि खाली ठेंगण्या पुलांविषयी काहीतरी.

भगिनींनो, येथे मी तुमच्यापासून काही लपवणार नाही. मी बोलले, पण हळू बोलले. “भाऊजी, ती पाटी...” इतकेच. दीर इंजिनिअर, जाऊबाई नोकरी करणाऱ्या, त्यांचा रोजचा देश. मी कोण सांगणारी? भाऊजी म्हणाले, “वहिनी, ते मालमोटारींसाठी असते. आपली खासगी गाडी आहे.” आणि गाडी पुढे जात राहिली. माझ्या डोळ्यांसमोर आबांची खडूची फळी उभी राहिली. मग मात्र मी ओरडलेच, “पुलाला खासगी कळत नाही, भाऊजी! थांबवा!”

सासूबाई दचकल्या. आमच्या घरात माझा एवढा मोठा आवाज त्यांनी वीस वर्षांत ऐकला नव्हता. भाऊजींनी गाडी कडेला घेऊन थांबवली व धोक्याचे दिवे लावले. मागून भोंगे सुरू झाले. मागे जाता येईना, पुढे जाण्याची सोय नाही. शेवटी त्यांनी पोलिसांना फोन केला. पाऊण तास आम्ही जीव मुठीत धरून बसलो होतो. पोलीस आले, त्यांनी वरची वाहने अडवली आणि हाताने खुणा करत घर मागे काढून दिले. त्यांच्या बोलण्याचा अर्थ जाऊबाईंनी मला सांगितला: बरे झाले येथेच थांबलात, रस्त्यावर उतरला असता, तर पुढचा पूल तुम्हाला थांबवणारच होता.

माझा दहा वर्षांचा पुतण्या सकाळपासून हट्ट करत होता की, मी चालत्या गाडीत माळ्यावर निजणार. जाऊबाईंनी त्याला दटावून खाली पट्ट्यात बसवले होते. पूल आधी लागला असता तो त्या माळ्यालाच. हे लक्षात आल्यावर जाऊबाईंच्या तोंडून बराच वेळ शब्द निघाला नाही.

मग मी भाऊजींना विचारून त्या रस्त्यांची माहिती घेतली. तिकडे पार्कवे म्हणून जे रस्ते आहेत, त्यांतले पुष्कळसे १९२० ते १९४० च्या सुमाराचे. लोकांनी सुटीच्या दिवशी मोटारीतून झाडी बघत फिरावे म्हणून ते बांधले. त्यामुळे दोन्ही बाजूंना बाग, हलकी वळणे आणि दगडी कमानींचे देखणे पूल. कमान मध्यभागी उंच, कडेला ठेंगणी. मोटारीला पुरेशी, पण घराला नाही. शेजारच्या कनेक्टिकट राज्यातला मेरिट पार्कवे १९३८ ते १९४० या काळात खुला झाला. त्याच्यावरचा प्रत्येक पूल निराळ्या नक्षीचा आहे. तेथे आठ फुटांहून उंच आणि चोवीस फुटांहून लांब गाडीला मज्जाव आहे. न्यूयॉर्कचे असे कित्येक रस्ते रॉबर्ट मोझेस या अधिकाऱ्याने करवले. गोरगरीब लोकांच्या बसगाड्या किनाऱ्यावर येऊ नयेत म्हणून त्याने पूल मुद्दाम ठेंगणे ठेवले, असे रॉबर्ट कॅरो यांनी १९७४ सालच्या आपल्या ग्रंथात लिहिले आहे. इतर अभ्यासकांना ते मान्य नाही. खरे काय ते विद्वान ठरवोत. पण रस्ता कोणासाठी बांधला हे त्याच्या पुलावरून कळते, एवढे मला पटले.

ही चूक आमच्यासारख्या नवख्यांचीच असते असे मुळीच नाही. २०१० च्या सप्टेंबरात न्यूयॉर्क राज्यातच सिराक्यूज शहराजवळ एक दुमजली बस अशाच एका पार्कवेवरच्या १० फूट ९ इंच उंचीच्या रेल्वेपुलावर आदळली आणि चार प्रवासी गेले. चालक नेहमीचा, पण तोही यंत्राच्या नकाशावर विसंबून रस्ता शोधत होता. पाट्या होत्या, त्या नजरेतून सुटल्या.

आता आपल्याकडे या. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर व बैलगाडीला बंदी आहे, हे आपण जाणतो, तरी वाट चुकून एखादा स्कूटरवाला तेथे शिरतोच. समृद्धी महामार्गावरही दुचाकीला बंदी आहे. आणि आता फिरती घरेही येऊ लागली आहेत. राज्य सरकारने २०२१ साली त्यासाठी कॅरव्हान पर्यटनाचे धोरण आणले. तेव्हा पाट्यांची ओळख आपल्याला हवीच. सोपे आहे. लाल कडेचा गोल असला की तो हुकूम: हे करू नका. लाल कडेचा त्रिकोण म्हणजे सावध राहा. निळा चौकोन म्हणजे नुसती माहिती. गोलात मीटरचा आकडा व त्याच्या वर-खाली काळे त्रिकोण दिसले, की ती उंचीची मर्यादा. एक मीटर म्हणजे तीन फूट तीन इंचांहून किंचित जास्त. ब्लाउजचे माप घेणाऱ्या बाईला हा हिशोब जड नाही. अमेरिकेत हुकुमाची पाटी बहुधा पांढरी, उभट, काळ्या अक्षरांची. सावधगिरीची पिवळी, चौकोन टोकावर उभा केल्यासारखी.

त्या रात्री मुक्कामाला पोचल्यावर मी भाऊजींकडून एक कागद मागून घेतला. त्यांनी त्यावर ‘उंची ११ फूट ६ इंच, लांबी २५ फूट, गॅस आहे’ असे ठळक लिहून चालकासमोर चिकटवला. पुढचे पाच दिवस प्रत्येक पुलाआधी पुतण्या मोठ्याने आकडा वाचायचा आणि आम्ही सारी मिळून “जा!” म्हणायचो. सासूबाईसुद्धा.

कागद चिकटवून झाल्यावर भाऊजींनी मला विचारले, “वहिनी, पहिल्याच वेळी मोठ्याने का नाही सांगितलेत?” मला उत्तर देता आले नाही. आज देते. आपले शिक्षण थोडे, म्हणून आपल्याला दिसलेली पाटीही कमी खरी, असे मला वाटले होते. तो उतार जरा आखूड असता, तर माझ्या दोन बोलण्यांच्या मधल्या वेळात गाडी पार्कवेवर गेली असती. पाटी वाचणाऱ्याने बोलले पाहिजे. ऐकणाऱ्याला राग आला, तर तो नंतर निवळतो.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. मंडळाच्या बुधवारच्या वर्गात एक दिवस रस्त्यावरच्या पाट्या शिकवाव्यात. आणि यंदाच्या सहलीच्या बसमध्ये दोघीजणींनी झोप न काढता चालकाजवळ बसावे. त्यांतली एक जागा मी आजच अडवून ठेवते.

चहा मागे आधणावर ठेवून आले आहे, तो उतू जाण्याआधी आपली रजा घेते.